हरण, संवाद आणि स्वामित्व : ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’च्या निमित्ताने

१

कोणतीही संहिता शून्यातून जन्म घेत नाही, ती आधीच्या संहितांच्या धाग्यांनीच विणली जाते, हा विचार मराठी समीक्षेला आता अपरिचित राहिलेला नाही. ज्युलिया क्रिस्तेवा यांनी १९६० च्या दशकात मांडलेली आंतरसंहितात्मकतेची संकल्पना आणि रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये केलेली लेखकाच्या मृत्यूची घोषणा यांचे उल्लेख विद्यापीठीय अभ्यासात वारंवार येतात. मात्र या संकल्पना ज्या साहित्यकृतींच्या आधारे तपासल्या जातात, त्यांतील पूर्वसंहितांचे धागे बहुधा सुप्त असतात. समीक्षकाने ते शोधावयाचे, उलगडून दाखवावयाचे आणि कृतीची अर्थसंपन्नता सिद्ध करावयाची, असा हा व्यवहार आहे. या व्यवहारात कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि कोणाला मोबदलाही द्यावा लागत नाही. ज्या कलाकृतीत पूर्वसंहिता तिच्या मूळ आवाजासह प्रत्यक्ष उपस्थित असते आणि त्या उपस्थितीबद्दल कलाकृतीला कायद्यापुढे उत्तर द्यावे लागते, तिच्यासमोर हा सिद्धांत कितपत टिकतो, हा प्रश्न त्यामुळे सहसा उद्भवतच नाही.

‘डे ला सोल’ या अमेरिकन हिप हॉप गटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा पहिला अल्बम हा प्रश्न टाळू देत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ॲमिटीव्हिल येथील केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकोअर आणि व्हिन्सेंट मेसन या तिघा तरुणांनी, प्रिन्स पॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्मात्याच्या साहाय्याने तो सिद्ध केला, आणि टॉमी बॉय रेकॉर्ड्स या कंपनीने १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या अल्बमसूचीत तो अग्रस्थानी पोहोचला. त्यातील ‘मी मायसेल्फ अँड आय’ या गाण्याने गीतसूचीतही तेच स्थान मिळवले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने संगीतसमीक्षकांच्या घेतलेल्या वार्षिक मतदानात त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून त्याचीच निवड झाली. असे असूनही डिजिटल विक्री आणि स्ट्रीमिंग यांच्या काळात तो दीर्घकाळ अनुपलब्ध राहिला आणि २०२३ मध्येच त्या माध्यमांतून रीतसर श्रोत्यांपर्यंत पोहोचला. लोकप्रियता, समीक्षकमान्यता आणि दीर्घ मौन या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे त्याची रचनापद्धती. या अल्बमच्या वाचनातून आंतरसंहितात्मकतेच्या सिद्धांतातील एक उणीव स्पष्ट होते आणि ती भरून काढण्यास भारतीय काव्यशास्त्रातील हरणविचार काही अंशी उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

अल्बमकडे वळण्यापूर्वी त्यामागील परंपरेचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. हिप हॉपचा उगम सामान्यतः १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असे मानले जाते. तेथील नृत्यमेळाव्यांत डीजे एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन फिरत्या तबकड्यांवर ठेवी आणि गाण्यातील केवळ तालवाद्यांचा जो लहानसा भाग असतो तो आलटूनपालटून पुनःपुन्हा वाजवीत राही. त्या ठेक्यावर निवेदक यमकबद्ध शब्द म्हणे. म्हणजे या कलेत दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण हे अलंकरणाचे साधन नसून मूळ वाद्यच होते. १९८० च्या दशकात सॅम्पलर हे यंत्र आटोक्यातल्या किमतीत मिळू लागले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलणे, त्याची गती व स्वर बदलणे, तो इतर तुकड्यांवर रचणे आणि त्याची आवर्तने करणे शक्य झाले. यालाच सॅम्पलिंग म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला ही उघड उचल वाटली, तरी या परंपरेत चोरीची स्वतःची एक कल्पना आहे आणि ती कडक आहे. दुसऱ्या रॅपरचे शब्द, त्याची म्हणण्याची शैली किंवा त्याची क्लृप्ती जशीच्या तशी घेणे याला तेथे ‘बाइटिंग’ म्हणतात, आणि तो आरोप अप्रतिष्ठेचा मानला जातो. तबकडीवरील संगीत घेणे हे कौशल्य आणि समकालीनाचे शब्द घेणे हे पाप, असा हा विवेक आहे. संगीतनिर्मात्यांमध्ये पाळल्या जाणाऱ्या या अलिखित नियमांचा अभ्यास जोसेफ श्लॉस यांनी ‘मेकिंग बीट्स’ (२००४) या ग्रंथात केला आहे.

समाजातला हा विवेक आणि कायद्याचा विवेक एकमेकांशी जुळत नाहीत, हे अगदी आरंभीच दिसून आले होते. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे सर्वदूर गाजले. त्यासाठी ‘शिक’ या गटाच्या ‘गुड टाइम्स’ची संगीतरचना वादकांकडून पुन्हा वाजवून घेण्यात आली होती. मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतल्यानंतर त्यांना रचनेचे श्रेय मिळाले. परंतु त्याच गाण्यात बिग बँक हँकने म्हटलेल्या शब्दांचा मोठा भाग ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधील कवीचा होता, आणि त्याला श्रेयही मिळाले नाही आणि मोबदलाही नाही. परंपरेच्या दृष्टीने जी खरी चोरी होती तिची कायद्याने दखल घेतली नाही. जी परंपरेला मान्य होती तिची मात्र घेतली. पुढील दशकातील संघर्षाचे बीज या विसंगतीत आहे.

हेन्री लुई गेट्स यांचा ‘द सिग्निफाइंग मंकी’ हा ग्रंथ १९८८ मध्ये, म्हणजे प्रस्तुत अल्बमच्या एक वर्ष आधी, प्रकाशित झाला. आफ्रिकी-अमेरिकी वाङ्मयात आधीची उक्ती पुन्हा उच्चारून तिला वळण देणे, तिच्यावर खेळणे, तिची थट्टा करता करता तिला दाद देणे, ही एक मूलभूत वाक्प्रवृत्ती आहे, असे गेट्स यांनी त्यात दाखवून दिले. या प्रवृत्तीत पुनरावृत्ती हा नावीन्याचा अभाव ठरत नाही. फरकासह केलेली पुनरावृत्ती हीच तेथे निर्मिती असते.

३

अल्बमच्या शीर्षकापासूनच ही प्रवृत्ती सुरू होते. शीर्षक जॉनी कॅश या गोऱ्या कंट्री गायकाच्या १९५९ मधील ‘फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग’ या गाण्यावरून घेतलेले आहे. ते गाणे १९३७ च्या पुराच्या आठवणीवर रचलेले असून, त्यात पाण्याची पातळी एकेका फुटाने चढत जाते आणि घरातील माणसे ती मोजत राहतात. अल्बममधील ‘द मॅजिक नंबर’ या गाण्यात कॅशचा आवाज प्रत्यक्ष ऐकू येतो. संकटाची मोजणी करणारे शब्द येथे तिघा तरुणांच्या वाढत्या आत्मविश्वासाची मोजणी करतात. पाच फुटांवरून तीन फुटांवर येण्यातही अर्थ आहे. गटात माणसे तीनच आहेत, आणि ज्या गाण्यात हे घडते त्याचा विषयही तीन हा अंकच आहे. त्या गाण्याचा पाया बॉब डोरो यांच्या ‘थ्री इज अ मॅजिक नंबर’ या रचनेवर आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून मुलांना पाढे शिकवण्यासाठी ‘स्कूलहाउस रॉक’ ही मालिका सुरू झाली, तिच्यातील तिनाच्या पाढ्याचे हे गाणे. दूरचित्रवाणीसमोर वाढलेल्या पिढीचा बालपणीचा पाढा आणि एका जुन्या पुराची कौटुंबिक आठवण या दोन सर्वस्वी भिन्न संहिता एका अंकाच्या आधाराने येथे एकत्र येतात आणि त्यांतून गटाची स्वतःची ओळख उभी राहते.

‘आय नो’ या गाण्यात हीच प्रक्रिया अधिक सूक्ष्म होते. शीर्षकातील ‘आय’ हा शब्द लिहिताना ‘डोळा’ आहे आणि ऐकताना ‘मी’. श्लेष केवळ लेखनात आहे, कानाला तो कळत नाही. गाण्याचा मुख्य स्वराकार ‘स्टीली डॅन’ या गटाच्या ‘पेग’ (१९७७) या गाण्यातून आला आहे, तर मध्ये ऐकू येणारी शीळ ओटिस रेडिंग यांच्या ‘डॉक ऑफ द बे’ची आहे. रेडिंग यांनी ते गाणे १९६७ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित केले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा अपघाती मृत्यू झाला. मूळ गाण्यात शब्द संपल्यावर ती शीळ येते आणि एकाकी माणसाचे रितेपण तिच्यात उतरते. येथे तीच शीळ प्रेमाराधनाच्या खेळकर संवादात मिसळते. शिळेतील एकही स्वर बदललेला नाही, पण तिचा भाव पालटला आहे. ज्या श्रोत्याला मूळ गाणे ठाऊक आहे त्याला दोन्ही भाव एकाच वेळी ऐकू येतात, आणि गाण्याचा गोडवा जुन्या विषादाच्या पार्श्वभूमीवर अधिक गहिरा होतो.

‘से नो गो’ या गाण्यात हॉल आणि ओट्स यांच्या १९८१ मधील एका लोकप्रिय प्रेमगीताचा नकार घेतलेला आहे. प्रेमातील हट्टाला दिलेला तो नकार येथे क्रॅक कोकेनला दिलेला नकार होतो. नशेच्या छायेत जन्मलेल्या बालकापासून सुरू होणारे हे गाणे, त्या दशकात सरकारी पातळीवरून चाललेल्या व्यसनविरोधी घोषणेचाही सूर ओळखीचा करून वेगळ्या तोंडी घालते. उपदेशाची भाषा सत्तेकडून वस्तीकडे येते तेव्हा तिचा अधिकार बदलतो, हे येथे कोणतेही भाष्य न करता व्यक्त झाले आहे.

या गाण्यांना जोडणारी चौकटही लक्षणीय आहे. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचे एक लटके विडंबन अल्बमभर मधून मधून येत राहते. स्पर्धकांना उत्तर देणे अशक्यच आहे असे प्रश्न विचारले जातात. पुढे हिप हॉपच्या अल्बममध्ये रूढ झालेल्या छोट्या नाट्यप्रवेशांचा प्रघात मुख्यतः या अल्बमने पाडला. ‘ट्रेड वॉटर’मध्ये मगर, खार, मासा, माकड हे प्राणी नीतिकथेतल्याप्रमाणे उपदेश करतात, ‘कूल ब्रीझ ऑन द रॉक्स’ या मिनिटभराच्याही आत संपणाऱ्या तुकड्यात, ‘रॉक’ हा एकच शब्द अनेक ध्वनिमुद्रिकांतून कापून ओळीने मांडलेला आहे. नावांमध्येही हाच उलटापालटीचा खेळ आहे. जोलिकोअरने धारण केलेले ‘ट्रुगॉय’ हे नाव ‘योगर्ट’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहून झाले आहे. मर्सरचे ‘पॉसडन्यूस’ हेही तसेच उलटे नाव आहे. सापडलेल्या वस्तूला उलटून पाहणे ही या तिघांची निर्मितिवृत्ती अक्षरापासून आकृतिबंधापर्यंत एकसारखी आहे.

एक आक्षेप येथे लक्षात घ्यावयास हवा. १९८८ मध्ये ‘पब्लिक एनिमी’ आणि ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटांनी वर्णद्वेष व पोलिसी दडपशाही यांविरुद्ध उग्र स्वर लावलेला असताना, फुलांच्या भडक चित्रांनी सजलेला हा अल्बम पलायनवादी होता, असे म्हणता येईल. परंतु कृष्णवर्णीय तरुणाने कोणत्या आवाजात बोलावे याविषयीच्या अपेक्षा बाजाराने आणि विरोधी राजकारणाने अशा दोन्ही बाजूंनी ठरवून टाकलेल्या असताना, पाढे, नीतिकथा, कंट्री संगीत आणि गोऱ्या गायकांची प्रेमगीते यांवर निःसंकोच हक्क सांगणे ही गोष्ट अराजकीय ठरत नाही. सांस्कृतिक वारसा वर्णानुसार वाटला गेलेला आहे ही समजूतच हा अल्बम नाकारतो. गटाला स्वतःला ही फुलांची प्रतिमा लवकरच जाचक वाटू लागली. १९९१ मधील दुसऱ्या अल्बमचे नावच ‘डे ला सोल इज डेड’ असे होते आणि त्याच्या मुखपृष्ठावर फुटून आडवी पडलेली फुलांची कुंडी होती.

४

पूर्वसंहितेशी असलेल्या या नात्याचे वर्णन करण्यासाठी ‘आंतरसंहितात्मकता’ ही संज्ञा पुरेशी नाही, कारण ती सर्वच संहितांना सारखीच लागू पडते. जी संज्ञा सर्वांना लागू पडते, तिच्या साहाय्याने एका उचलीत आणि दुसऱ्या उचलीत भेद करता येत नाही. मूल्यविवेकाची ही गरज संस्कृत काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखली होती. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात कवींच्या रचनांमधील साम्याला ‘संवाद’ असे म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रातील आकृतीसारखे आणि एका माणसाचे दुसऱ्या माणसाशी असते तसे साम्य. पहिल्याला स्वतःचा आत्मा नाही, दुसऱ्याचा असून नसल्यासारखा आहे. तिसऱ्यात मात्र देह सारखे वाटले तरी आत्मा स्वतंत्र असतो, म्हणून कवीने ते टाळण्याचे कारण नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचा सविस्तर विचार करताना या तिहींत चौथ्या प्रकाराची भर घातली, ती ‘परपुरप्रवेशा’ची. मूळ वस्तू एकच, पण रचनेचा सारा परिसर निराळा, असे त्याचे लक्षण सांगता येईल.

सॅम्पलिंगला हे विवेचन लावताना एक फरक जपावयास हवा. या आचार्यांसमोर शब्द आणि अर्थ होते. विशिष्ट व्यक्तीचा, विशिष्ट क्षणी उमटलेला आणि यंत्राने धरून ठेवलेला आवाज नव्हता. तुल्यदेही साम्यात दोन देह असतात आणि ते एकमेकांसारखे दिसतात. ‘आय नो’मधील शीळ रेडिंग यांच्या शिळेसारखी नाही, ती तीच शीळ आहे. देह दोन नाहीत, एकच आहे. त्यात दुसरा प्राण शिरला आहे. ‘परपुरप्रवेश’ या संज्ञेत ‘पुर’ म्हणजे शरीर हा अर्थ अभिप्रेत धरला, तर दुसऱ्याच्या देहात शिरून आपले बोलणे बोलणाऱ्या या कलेसाठी तिच्याइतकी नेमकी संज्ञा पाश्चात्त्य समीक्षाव्यवहारात सहज सापडणार नाही. राजशेखराला यंत्रयुगाची कल्पना होती असा याचा अर्थ नव्हे. त्याने उचलीचे मोजमाप परिमाणावर न ठेवता परिणतीवर ठेवले, एवढाच येथे मुद्दा आहे.

या दृष्टीने अल्बममधील ‘पॉटहोल्स इन माय लॉन’ हे गाणे मर्मस्थानी येते. आपल्या हिरवळीत कोणीतरी खड्डे पाडून जात आहे, अशी त्यातील तक्रार आहे. खड्डे म्हणजे इतर रॅपरांनी पळवून नेलेले शब्द. तुकड्यातुकड्यांनी रचलेल्या या अल्बममध्येच शब्दचौर्याविरुद्धची फिर्याद आहे. शिवाय ती फिर्याद मांडताना पाठीशी वाजणारे संगीत पुन्हा दुसऱ्याचेच, ‘पार्लमेंट’ या गटाच्या १९७० मधील एका गाण्यातून घेतलेले. हा दंभ आहे काय? तसे वाटत नाही. शब्दांची उचल ही प्रतिबिंबवत् आहे, तिने घेणाऱ्याच्या ठिकाणी नवे काही उगवत नाही आणि ज्याचे घेतले त्याच्या हिरवळीत मात्र खड्डा पडतो. याउलट संगीताच्या तुकड्याला येथे नवा प्राण मिळतो आणि मूळ गाणे आपल्या जागी अक्षत राहते. अल्बमने आपल्या रचनापद्धतीचे नीतिशास्त्र स्वतःच एका रूपकात सांगून ठेवले आहे.

५

कायद्याने मात्र हा भेद मानला नाही. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ या सुमारे एका मिनिटाच्या तुकड्यात, फ्रेंच भाषा शिकवणाऱ्या तबकडीवरील संभाषणाखाली ‘द टर्टल्स’ या गटाच्या ‘यू शोड मी’ या गाण्याचा एक अंश संथ गतीने फिरत राहतो. त्यासाठी परवानगी घेतलेली नव्हती. टर्टल्सचे दोन माजी सदस्य मार्क व्होलमन आणि हॉवर्ड केलन यांनी दावा केला आणि अखेर प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले. या दाव्याची वाङ्मयीन बाजू विलक्षण आहे. ‘यू शोड मी’ हे गाणे टर्टल्सनी रचलेले नव्हतेच. ते ‘द बर्ड्स’ या गटाच्या जीन क्लार्क आणि रॉजर मॅकग्विन यांचे होते. टर्टल्सनी ते १९६८ च्या ज्या अल्बममध्ये गायले, त्याची कल्पनाच अशी होती की, या गटाने प्रत्येक गाण्यात वेगळ्या नावाच्या काल्पनिक गटाचे सोंग घ्यावयाचे. म्हणजे दुसऱ्याची रचना, तिसऱ्याच्या सोंगात गाणाऱ्यांनी, चौथ्याने घेतलेल्या तुकड्यावर हक्क सांगितला. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क तो निरनिराळे मानतो. ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ मात्र या साखळीत कोठेही स्थिर राहत नाही.

१९९१ च्या डिसेंबरमध्ये बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्याबाबत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निवाडा दिला. गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गाण्यातील तुकडा त्याने विनापरवाना वापरला होता. न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी निवाड्याचा प्रारंभच बायबलमधील चौर्यनिषेधाच्या आज्ञेने केला. एका सौंदर्यशास्त्रीय प्रश्नाचा अशा रीतीने पापपुण्याच्या कोटीत निकाल लागला. २००५ मध्ये ब्रिजपोर्ट म्युझिकच्या दाव्यात दुसऱ्या एका संघीय अपिली न्यायालयाने, ध्वनिमुद्रणाचा कितीही लहान अंश घेतला तरी परवाना आवश्यक ठरतो, अशी भूमिका घेतली. २०१६ मध्ये आणखी एका अपिली न्यायालयाने ती अमान्य केली. परंतु तोवर अनेक तुकड्यांची दाट वीण असलेली रचना मोठ्या प्रमाणावर करणे आर्थिकदृष्ट्या अशक्यप्राय झाले होते. एखादा रूपबंध रसिकांची अभिरुची बदलल्यामुळे मागे पडणे ही वाङ्मयेतिहासातील नित्याची घटना आहे. येथे तो ऐन बहरात असताना परवान्यांच्या किमतीमुळे मागे पडला.

अल्बमच्या मौनाचे कारणही याच ठिकाणी आहे. ज्या तुकड्यांसाठी करार झाले होते, ते तबकडी, कॅसेट यांसारख्या तत्कालीन माध्यमांपुरतेच होते. पुढे येणाऱ्या डिजिटल माध्यमाचा विचार त्यांत नव्हता. काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या अल्बमचा समावेश केला, तेव्हा राष्ट्राने जतन करण्यायोग्य ठरवलेली ही कृती डिजिटल रूपात रीतसर विकत घेता येत नव्हती. २०१४ च्या फेब्रुवारीत गटाने आपले जुने अल्बम एक दिवसापुरते श्रोत्यांना विनामूल्य देऊन टाकले. २०१९ मध्ये कंपनीने देऊ केलेल्या अटी गटाने जाहीरपणे नाकारल्या. २०२१ मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतल्यावर नव्याने बोलणी झाली आणि ३ मार्च २०२३ रोजी अल्बम स्ट्रीमिंगवर आला. त्यापूर्वी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला, जोलिकोअरचे निधन झाले होते.

६

या सर्व वृत्तांतातून लेखकाच्या मृत्यूचा सिद्धांत एका अनपेक्षित बाजूने उघडा पडतो. बार्थ यांनी लेखकाला अर्थाच्या सिंहासनावरून उतरवले, परंतु लेखक आणि मालक हे एकच नसतात, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. लेखक मेला तरी मालक जिवंत राहतो, आणि संहितेचा मुक्त खेळ किती चालावयाचा हे तो ठरवू शकतो. ‘मी मायसेल्फ अँड आय’ ज्या ‘फंकाडेलिक’ गटाच्या गाण्यावर उभे आहे, त्या गटाचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी सॅम्पलिंगला विरोध केला नाही; १९९३ मध्ये तर त्यांनी आपल्या संगीताचे तुकडे इतरांना वापरता यावेत म्हणून स्वतंत्र संग्रहच काढला. परंतु त्यांच्या अनेक रचनांचे हक्क ब्रिजपोर्ट म्युझिककडे गेले होते आणि क्लिंटन स्वतः त्या कंपनीविरुद्ध दीर्घकाळ झगडत राहिले. २००५ चा वर उल्लेखिलेला निवाडाही फंकाडेलिकच्याच एका अंशावरून झाला होता. लेखकाची संमती आणि मालकाची फिर्याद एकाच संहितेबाबत एकाच वेळी संभवते.

तथापि, याचा अर्थ सॅम्पलिंग करणारा प्रत्येक जण निरपराध ठरतो, असा करणे घाईचे होईल. क्लाइड स्टबलफील्ड या वादकाने जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये वाजवलेला ठेका हिप हॉपमध्ये अगणित वेळा वापरला गेला, वादक असल्यामुळे रचनेचे श्रेय त्याच्याकडे नव्हते आणि त्या वापराचा रीतसर मोबदला त्याला मिळाला नाही. राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे हरणाविषयीचे जे मत नोंदवले आहे, ते येथे आठवते. तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध आहे, त्याला प्रतिष्ठा नाही आणि मला आहे, अशा प्रकारच्या कारणांनी कवी दुसऱ्याचे घेण्यास प्रवृत्त होतो, असे तिने सांगितले आहे. ही हरणाची समर्थने म्हणून वाचली जातात. परंतु घेणाऱ्याच्या आणि ज्याचे घेतले त्याच्या प्रतिष्ठेतील अंतर हे हरणाच्या विचाराचे अंग आहे, ही जाणीवही त्यांतून प्रकट होते.

कायदा विचारतो, किती घेतले? आनंदवर्धन आणि राजशेखर विचारतात, घेतल्यावर त्याचे काय झाले? अवंतिसुंदरीच्या मतातून तिसरा प्रश्न निघतो : कोणी, कोणाकडून घेतले? आंतरसंहितात्मकतेचा सिद्धांत यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सर्व संहिता एकाच समपातळीवर पसरलेल्या आहेत. ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’मध्ये ही पातळी सम नाही. तेथे एका बाजूला परवाना नाकारू शकणारे मालक आहेत, दुसऱ्या बाजूला श्रेयनामावलीत ज्याचे नाव नाही असा वादक आहे, आणि या दोहोंच्या मध्ये विशीच्या उंबरठ्यावरील तीन तरुण घरातल्या जुन्या तबकड्या उलटसुलट करून पाहत आहेत.

मराठीत ‘वाङ्मयचौर्य’ आणि ‘प्रभाव’ हे दोन शब्द हाताशी असल्यामुळे, घेतलेल्या गोष्टीला एकतर अपराध किंवा एकतर ऋण ठरवून चर्चा संपविण्याची सवय समीक्षेला लागलेली आहे. या दोन शब्दांच्या मधला प्रदेश फार विस्तीर्ण आहे. त्याची मोजणी करावयाची, तर लेखक, प्रयोगकर्ता आणि मालक या तिघांना एकमेकांपासून अलग करून पाहावे लागेल, आणि प्रत्येक उचलीला वरील तिन्ही प्रश्न विचारावे लागतील. या अल्बमच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय अनुकूल आहे. घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्यात नवा प्राण शिरला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने वसूल केले. तिसऱ्याचे उत्तर एकसारखे नाही : पाढ्याच्या गाण्याकडून घेणे, प्रस्थापित गोऱ्या गायकांकडून घेणे आणि हक्क गमावून बसलेल्या कृष्णवर्णीय संगीतकाराकडून घेणे या तीन भिन्न कृती आहेत, आणि एकाच अल्बममध्ये त्या तिन्ही आहेत. त्यांना एकाच संज्ञेखाली झाकून टाकणारा सिद्धांत कितीही मुक्तिदायी वाटला, तरी मालकाला तो अडचणीचा होत नाही.